मार्फत

रात्री पावणेतीनला चौथ्या मजल्यावरून फोन :
"मॅडम, तुमचा चौदा नंबर परत गप्प झालाय."
सिस्टर इग्नेशिया यंत्रांची नावं घेत नाही,
खाटांसारखी मोजते.

चौदा नंबर म्हणजे चाकांवरचा मॉनिटर.
तळमजल्यावर, अपघात विभागात, एका छातीला जोडला,
घाडीमामांनी खाटेसकट लिफ्टमध्ये घातला,
आणि वर येऊनही तो
खालचाच पत्ता सांगत राहिला.
लग्नाचा हॉल चुकलेला पाहुणा
पंगतीत बसावा
आणि वाढपी पुढून निघून जावा, तसा.
ठोके मोजत होता, बरोबर मोजत होता.
टेबलावरच्या पडद्यावर मात्र
त्याची चौकट रिकामी.

मी लॅपटॉप काखोटीला मारून जिने चढते.
त्याला सांगते, जुनं सोड. नव्यानं माग.
मग तो साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असं विचारतो :
कुणी आहे का?
आहे. हा घे.
हाच घेऊ ना?
घे. आठ तासांसाठी.

आठ तास!
अख्ख्या परळात इतक्या कमी मुदतीचा भाडेकरार नसेल.
ना डिपॉझिट, ना दलाली,
ना पोलीस ठाण्यात फोटो नेऊन देणं.

आम्हाला सहा महिने सांगितले होते.
काळाचौकीची चाळ पाडली
आणि टेम्पोत भांडी, देव, शिलाई मशीन घालून
संक्रमण शिबिरात नेलं. प्रतीक्षानगर.
(थट्टा नाही. नावच तसं आहे.)
तिथून दुसऱ्या शिबिरात, तिथून तिसऱ्या.
सहा महिन्यांना सतरा वर्षं लागली.

बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन.
लोकांच्या तारा जोडणाऱ्या माणसानं
आपला पत्ता कुणालाच कळवला नाही,
एक मोरजकर सोडून.
मोरजकरांची पिठाची गिरणी, चाळीच्या समोरची,
ती पाडायच्या यादीत नव्हती.
जगाची पत्रं जुन्याच पत्त्यावर यायची,
मोरजकर ती न फोडता मोठ्या खाकी पाकिटात घालायचे,
वर आमचा त्या वेळचा मुक्काम लिहायचे,
आणि शनिवारी पेटीत टाकायचे.
पाकिटात पाकीट.
आत जिथले आम्ही, तो पत्ता.
वर जिथे आम्ही, तो.
माझ्या दहावीच्या स्कॉलरशिपचं पत्र उघडलं
तेव्हा आईच्या मांडीवर ज्वारीचं पीठ सांडलं होतं.

मोरजकर गेले. गिरणीला कुलूप.
बाबांच्या थकबाकीचं पत्र कार्यालयात परत गेलं,
लाल शाईत :
सदर इसम या पत्त्यावर राहत नाही.
खरंच होतं.
त्यानंतर चार महिने बाबा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर
आपण आहोत हे सांगत फिरले.

तर मी मागच्या महिन्यात एवढंच केलं.
प्रत्येक मॉनिटरला कायमचा एक पत्ता दिला.
मजला बदलला की त्यानं तळघरातल्या एका यंत्राला
हळूच कळवायचं, आता इथे आहे.
त्याच्या नावाचं जे येईल ते
यंत्र दुसऱ्या पाकिटात घालून वर धाडेल.
यंत्राला नाव द्यावं लागतं. दिलं.
कंपनीचा पोरगा यादी वाचताना अडला :
"मॅडम, मोरजकर हे कुठलं मॉडेल?"
मी म्हटलं, जुनं आहे. आता मिळत नाही.

काल चौदा नंबर पुन्हा हलवला.
फोनची वाट न बघता मी लिफ्टमध्येच उभी राहिले,
पडद्यावर डोळे लावून.
दुसरा मजला. अठ्ठ्याऐंशी.
तिसरा. एक्क्याण्णव. क्षणभर काहीच नाही,
माझ्याच हातापायांतलं बळ गेलं,
मग एकोणनव्वद.

खाटेवरचा म्हातारा डोळे मिटूनच बोलला,
"कुठं आणलं मला?"
घाडीमामा म्हणाले, "वर."
दारात इग्नेशिया उभी होती, ती खेकसली :
"वर काय, मामा! चौथ्यावर म्हणा."